बटाटा वर्ज्य, फ्राईज तपासणीपुरत्या

२ फेब्रुवारी

पतसंस्थेची डायरी दत्ताने जानेवारीतच आणून दिली होती. जानेवारी बायकोच्या दवाखान्यात गेला. उरलेली पानं वाया जाऊ नयेत म्हणून लिहितो. दुसरं कारण नाही.

आज कुशाचा दहावा. सगळं वेळेवर झालं. महाराज पाऊण तास बोलले, माईक चांगला होता. मला विशेष काही वाटलं नाही. लोक उगाच खांद्यावर हात ठेवत होते.

मग पद्धतीप्रमाणे घरच्यांनी तिच्या नावाने एकेक पदार्थ वर्षश्राद्धापर्यंत सोडला. दत्ताने कारलं सोडलं. आमच्या या मुलाने जन्मात कारलं खाल्लेलं नाही. सूनबाई प्रगतीने पेढा सोडला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बोलणारा माणूस नाही. समोर आचाऱ्याचं पातेलं होतं. तोंडातून निघालं, बटाटा.

कुशाची थोरली बहीण म्हाळसाआक्का केडगावहून आली होती. रडता रडता थांबली आणि म्हणाली, "बटाटा? पाव्हणं, चार दिस तरी निघत्याल का?" चारचौघांत म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. ह्यांनी सोडला तर म्या बी सोडला. बघू कोण टिकतंय." दहाव्याला अशी पैज बरी दिसत नाही.

पण बोललो ते बोललो. एवढ्या वर्षांच्या संसारात कुशासाठी चारचौघांत काही बोललो ते हेच पहिलं. ते मोडणार नाही. मोडलं तर आक्काला तोंड दाखवायचं नाही, असं ठरवलं.

अवघड नाही. उभी नोकरी न्हावऱ्याच्या दूध डेअरीत सॅम्पल तपासण्यात गेली. चारी बाजूंनी दूध, पण कधी कपभर प्यायलो नाही. संयम अंगात आहे.

५ फेब्रुवारी

बटाटा किती ठिकाणी असतो हे सोडल्याशिवाय कळत नाही. पोह्यात आहे. मसालेभातात आहे. शेजाऱ्यांच्या डब्यातल्या रश्श्यात आहे. एसटी स्टँडवर तर दुसरं काही नाहीच.

अडचण काही नाही. प्रगती वेचून काढते.

७ फेब्रुवारी, बुधवार

शिरूरच्या बँकेत कुशाच्या खात्याचं काम होतं. प्रगतीने स्कूटीवर नेलं. काम झालं नाही. साहेब जेवायला गेले होते. मग आम्हीही गेलो. नगर रोडला नवीन रेस्टॉरंट झालंय, ग्रीन प्लेट. पूर्ण एसी. खुर्च्या मऊ.

प्रगतीने स्वतःसाठी फ्राईज मागवल्या. लांबट, पिवळ्या, कुरकुरीत. मी विचारात होतो. हात आपोआप जात होता. मैद्याचं काहीतरी असावं असा अंदाज होता.

प्लेट संपत आली तेव्हा प्रगती हळूच म्हणाली, "आप्पा, ते बटाट्याचे असतात. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

तेव्हा एकच उरली होती आणि ती माझ्या हातात होती. हातातलं अन्न टाकणं बरं नव्हे म्हणून खाल्ली.

संध्याकाळी ७

नकळत झालं ते धरत नाहीत. शेवटची कळत खाल्ली, पण ती अन्नाचा मान म्हणून. तीही धरत नाहीत.

८ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. मुळात तो बटाटा होता का?

प्रगतीने मोबाईलवर दाखवलं. कारखान्यात सोलतात, चिरतात, अर्धवट तळतात, गोठवतात, पाकिटात भरतात. म्हणजे प्रक्रिया झाली. दुधाचं दही झाल्यावर त्याला कोणी दूध म्हणतं का? दुधाचा दर वेगळा, दह्याचा वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. मी बटाटा सोडलाय. फ्राईज हा स्वतंत्र माल आहे.

फार हलकं वाटलं. कित्येक दिवसांनी चहा दोनदा घेतला.

१४ फेब्रुवारी, बुधवार

बँकेत पुन्हा गेलो, एसटीने, एकटाच. सही जुळत नाही म्हणाले. येताना फक्त खात्री करून घ्यायला ग्रीन प्लेटला थांबलो. एक प्लेट मागवली.

मॅनेजर सत्यजीत टापटीप मुलगा आहे. त्याने विचारलं, सर, कसं वाटलं? मी सहसा बरं म्हणतो. आज खरं ते सांगितलं. वरच्या काड्या आत्ताच्या आहेत, खालच्या मघाच्या तळणातल्या. सकाळचं आणि संध्याकाळचं दूध एकाच कॅनमध्ये ओतलंय तुम्ही.

तो खुर्ची ओढून समोर बसला. म्हणाला, सर, असं कोणी सांगतच नाही, लोक नुसते फोटो काढतात. तुम्ही दर बुधवारी येऊन आमच्या फ्राईज टेस्ट कराल का?

मी नाही म्हणणार होतो. शब्द जुळवेपर्यंत त्याने हात मिळवला.

दुसऱ्याच्या धंद्याचा प्रश्न आहे. आणि तपासणं म्हणजे खाणं नव्हे, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

२१ फेब्रुवारी, बुधवार

पहिली अधिकृत तपासणी. दुधाला आम्ही दोन गोष्टी लावायचो, फॅट आणि डिग्री. डिग्री म्हणजे दाटपणा, पाणी घातलं की उतरते. इथेही तेच. तेल किती प्यायली ती फॅट. टोकाला धरून आडवी केली तर वाकते की ताठ राहते, ती डिग्री.

नियम: एकच काडी घ्यायची. मोडायची, हुंगायची, अर्धी चावायची.

अडचण आली. कॅन ढवळल्याशिवाय घेतलेलं सॅम्पल नियमात बसत नाही. वरची काडी म्हणजे प्लेट नव्हे. म्हणून वरून, मधून आणि तळातून घेतल्या. मधल्या भागाबद्दल शंका राहिली. शेवटी अख्खी प्लेट तपासली.

फॅट चार पॉइंट दोन. डिग्री अठ्ठावीस. माल पास.

उरलेलं सॅम्पल डेअरीत परत कॅनमध्ये ओततात. इथे तशी सोय नाही.

२२ फेब्रुवारी

कुशाचं पहिलं मासिक. आक्का आली. मला न्याहाळून म्हणाली, "वाळलात हो, दाजी. बटाटा सोडणं म्हंजी चेष्टा न्हाई." मी मान हलवली.

आक्काचे फार हाल आहेत. परवा स्वप्नात बटाटेवडा आला म्हणे आणि तो तिला हाका मारत होता. मी धीर दिला. मनावर ताबा पाहिजे, म्हणालो.

प्रगती खोकत आत निघून गेली.

८ मार्च

महाशिवरात्र. जगातला प्रत्येक माणूस आज बटाटा खातो. देवळात उपासाच्या भाजीचा वास. मी केळं खाल्लं. माझ्याकडे बघून दोन बायका हळहळल्या. चांगलं वाटलं.

गुरुजींना सहज विचारलं. म्हटलं, समजा एका माणसाने बटाटा सोडलाय आणि त्याने सोललेला, चिरलेला, गोठवलेला, तळलेला खाल्ला, तर? गुरुजी म्हणाले, "कापा, तळा, बर्फात घाला, बटाटा तो बटाटाच. कोण हो हा माणूस?" सणसवाडीचा आहे, म्हणालो.

गुरुजी सज्जन आहेत. पण त्यांना प्रोसेसिंगची माहिती नाही.

१३ मार्च, बुधवार

पेरी पेरी नावाचा प्रकार आलाय. लाल पूड टाकून कागदी पिशवीत खळखळ हलवतात. मीच हलवली. शेजारच्या टेबलावर रांजणगावच्या कंपनीतली पोरं होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा हलवली.

डोळ्यांतून पाणी आलं. वेटरने टिश्यू दिले, आणखी दिले. मसाला तिखट होता. कुशाचा हातही तिखटच होता, पण ते वेगळं.

फॅट चार. डिग्री तीस. वर्षातला सर्वोत्तम माल.

२७ मार्च, बुधवार

सत्यजीतने पार्सल दिलं. म्हणाला, घरी जाईपर्यंत कुरकुरीत राहतं का ते बघा. वाहतुकीची तपासणी हा स्वतंत्र विषय आहे. मान्य केलं.

शिरूर-चौफुला एसटी, खिडकीची जागा. डबा बंद असून वास अख्ख्या गाडीत. मागून एका बाईने विचारलं, "मामा, काय वं घमघमतंय?" एक काडी दिली. मग तिच्या शेजारणीला. मग पुढच्या सीटला. कंडक्टर तिकीट सोडून आला, दोन घेतल्या आणि म्हणाला, "मीठ कमी हाय." ड्रायव्हरने आरशातून हात मागे केला. न्हावरा फाटा येईपर्यंत गाडीत वादावादी, मीठ कमी की बरोबर. आवाजी मतदान घेतलं. मीठ कमी, बहुमताने.

इतका आनंद डेअरीच्या निरोप समारंभातही झाला नव्हता. उतरताना लोकांनी हात हलवले.

३ एप्रिल

आक्काचा फोन. ही एसटी पुढे केडगावच्या अलीकडे चौफुल्यापर्यंत जाते, हे त्या दिवशी ध्यानात आलं नव्हतं. "दाजी, गाडीत कसल्या काड्या वाटल्या म्हणं तुम्ही? आमच्या गल्लीतली सांगत हुती."

मी म्हणालो, मक्याच्या.

खोटं नव्हे. मक्याचं पीठ वरून लावत असतील. नसतीलच असं सांगता येत नाही.

१० एप्रिल, बुधवार

संकट. प्लेट नुकतीच आलेली, आणि काचेच्या दारातून आक्का आत. डोळे तपासायला शिरूरला आली होती, तिथून चौकशी करत इथे. मी मेनूकार्ड प्लेटवर ठेवलं. तिने मेनूकार्ड उचललं.

"ह्येच व्हय मक्याचं?"

हो म्हणालो. तिने एक उचलली. चावली. बराच वेळ माझ्याकडे बघत चावली. मग म्हणाली, "मका ग्वाड हाय." आणि खुर्ची ओढून बसली. प्लेट संपवली, दुसरी मागवली. पदराने तोंड पुसत म्हणाली, "ह्यो मका आमच्याकडं न्हाई पिकत."

घरी येऊन विचार केला. तिचाही नेम मोडला का? तिच्या मते तो मका, म्हणजे ती निर्दोष. माझ्या मते तो स्वतंत्र माल, म्हणजे मी निर्दोष. दोन्हीकडून शून्य. तरी रात्रीचं जेवण जात नव्हतं. पोट भरलेलं असावं.

१७ एप्रिल, बुधवार

आक्का पुन्हा आली. म्हणाली, डोळ्याचा डॉक्टर बुधवारीच बसतो.

तिच्या आधी पोचून सत्यजीतला बाजूला घेतलं होतं. ही बाई असेल तेव्हा याला मका म्हणायचं. त्याने कारण विचारलं. घरगुती, म्हणालो. येस सर, म्हणाला. पोरं हुशार आहेत. थोड्या वेळात वेटर किचनकडे तोंड करून ओरडला, "टेबल चार, एक मका, एक्स्ट्रा क्रिस्पी!" शेजारच्या टेबलाने पण मकाच मागवला. त्यांना आमच्यासारख्या काड्या आल्या, कोणी तक्रार केली नाही.

१५ मे, बुधवार

आक्काला तपासणी शिकवली. तिला डिग्री चटकन जमते. फॅटमध्ये घाई करते.

मी बोलणारा माणूस नाही, पण तपासणीत निरीक्षणं बोलून दाखवावी लागतात. मीठ कमी लागलं, तेव्हा कुशा मीठ कसं टाकायची ते निघालं. कधी चमचा घेतला नाही, आणि चव बघायला वाटी माझ्यापुढे धरायची. मग एकातून एक निघत गेलं. तिच्या म्हशीचं दूध आमच्याच डेअरीत यायचं. एकदा डिग्री बसली नाही, पाणी होतं. मी सगळ्यांदेखत बायकोचा कॅन परत केला. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही आणि चहा बिनदुधाचा दिला. "डेअरीवाल्यांना घरचं दूध कशाला," म्हणायची.

आक्काला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, "आवो, ते पाणी तिनं मुद्दाम घातलं हुतं. नवरा बायकूचं पास करतो का बघाया. तुम्ही परत केलं तर सांच्याला फोनवर नाचत हुती. आक्का, माझा मालक कुणाचंच ऐकत न्हाई म्हणून."

मला हे माहीत नव्हतं.

एसीची हवा थेट डोळ्यांवर येते. टेबल बदलून मागितलं.

१९ जून

पँट कमरेत बसत नाहीत. धुलाईने आटल्या. प्रगतीने उसवून ढिल्या केल्या आणि म्हणाली, आप्पा, सगळ्याच एकदम आटल्या होय? मी पाण्याच्या क्षाराबद्दल सांगितलं.

नवी योजना: शिरूर-दौंड फ्राईज सर्वेक्षण. दोन्ही तालुके. सर्व ठिकाणी एकच पद्धत, एकच तपासनीस. साहाय्यक, आक्का. पाऊस वाढायच्या आत पूर्ण करणार.

३ जुलै

सर्वेक्षण, केंद्र पहिलं, सणसवाडी. गाड्यावर एक बिहारी पोरगा तळत होता. बघून खुश झाला आणि आक्काला म्हणाला, "लो अम्मा, एकदम ताजा आलू!"

आक्का माझ्याकडे वळली. काय म्हणाला त्यो?

मी म्हणालो, हिंदीत मक्याला आलू म्हणतात.

"आन् बटाट्याला?"

पोटॅटो, म्हणालो.

"भाषा भारी हाय त्यांची," आक्का म्हणाली आणि कढईकडे तोंड करून हसत राहिली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. फॅट सहा, नुसतं तेल. माल परत करायला हवा होता. केला नाही.

२४ जुलै

केंद्र दुसरं, दौंड. स्टेशनाबाहेर आम्ही दोघं छत्रीत. कागदाची पुडी ओली, काड्या ओल्या, डिग्री शून्य. शून्य डिग्रीचा माल मी आयुष्यात प्रथम पाहिला. आक्का म्हणाली, "कुशीला दाखवाया पायजे हुतं." मी हो म्हणालो. मग दोघंही बराच वेळ पाऊस बघत उभे.

सर्वेक्षण हवामानामुळे स्थगित.

२ नोव्हेंबर

यंदा दिवाळी नाही. पहिलं वर्ष. आक्काने केडगावहून फराळ पाठवला. घरात शांत होतं. दत्ता सेकंड शिफ्टला. मला विशेष काही वाटलं नाही. फक्त बुधवार येईपर्यंत दिवस जरा लांबले.

४ डिसेंबर, बुधवार

वाईट बातमी. आक्का ग्रीन प्लेटमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दाजी, वरीसशाद्धाला तुम्हाला फेटा बांधणार हाय म्या. कुशीच्या नावानं वरीसभर बटाट्याला शिवला न्हाईत. साऱ्या पाव्हण्यांम्होरं बांधणार."

मी फेटा नको म्हणालो. ती म्हणाली, "का? नेम पाळलाय न्हवं?"

हातात काडी होती. हो, म्हणालो.

सत्यजीत काउंटरमागे वाकून काहीतरी शोधायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

५ डिसेंबर

ठाम निर्णय. उरलेले दिवस फ्राईज पूर्ण बंद. तपासणीसुद्धा नाही. म्हणजे निदान शेवटचा महिना तरी कोणत्याही व्याख्येने शुद्ध. फेट्याचा थोडा भाग तरी खरा होईल.

११ डिसेंबर, बुधवार

सत्यजीतने नवीन तेल आणलंय. तेल बदललं की तपासणी सक्तीची असते. अपवाद.

१८ डिसेंबर, बुधवार

तेच तेल, दुसरा आठवडा. तुलना आवश्यक. अपवाद.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ. चीजसह. हा बटाटा नाहीच, हा दुग्धजन्य पदार्थ आहे. अपवादसुद्धा नाही.

८ जानेवारी, बुधवार

शेवटची तपासणी. आक्का आली नाही. फेट्याचं कापड घ्यायला पुण्याला गेली. एकट्याने प्लेट संपली नाही. माल बरा असावा. नोंद घ्यायची राहिली.

ठरवलं. श्राद्धाच्या दिवशी फेट्याआधी उभं राहून सगळं सांगणार. प्रोसेसिंगपासून सुरुवात करणार.

१२ जानेवारी

वर्षश्राद्ध झालं. जेवणावळ मांडवात. मी उभा राहिलो. "मंडळी," एवढं म्हणालो. लोकांना वाटलं आभार मानतोय. टाळ्या झाल्या. आक्काने तेवढ्यात मागून फेटा सुरू केला, त्यामुळे मान हलवता येईना. भगवा, जरीचा, सात मीटर तरी असेल.

मग सोडलेला पदार्थ तोंडाला लावायची पद्धत. बटाट्याची सुकी भाजी प्रगतीने केली होती. सासूकडून शिकलेली, तशीच, तिखट. आक्काने घास माझ्या तोंडात दिला आणि पुन्हा टाळ्या.

घास गिळता येईना. फेटा घट्ट बांधला होता. बटाटा नीट शिजलेला नसावा. दत्ता पाणी घेऊन आला. त्याला हाताने बाजूला केलं.

आक्कानेही एक घास घेतला. ती मांडवाच्या खांबाकडे तोंड करून उभी राहिली. पाहुण्यांना वाटलं दोघंही बटाट्याच्या आनंदाने गहिवरलो. एकजण म्हणाला, "बघा, नेम असा असतोय."

१३ जानेवारी

आक्काची गाडी न्हावऱ्यावरूनच जाते, पण बसायला जागा मिळावी म्हणून तिला एसटीवर सोडायला शिरूरला गेलो. गाडीला वेळ होता. ग्रीन प्लेटला गेलो. आता सगळं मोकळं, लपवायचं काही नाही. मोठ्या आवाजात म्हणालो, एक प्लेट बटाट्याच्या फ्राईज. वेटर गोंधळला. म्हणाला, मका नको का सर?

प्लेट आली. गरम, ताठ, सोनेरी. दोघांनी एकेक घेतली. आणखी एकेक घेतली. मग हात थांबले.

आक्का म्हणाली, "बटाटाच हाय की."

मी म्हणालो, हो. बटाट्यासारखाच लागतोय.

मग तिला खरं सांगायला सुरुवात केली, तर तिने हात वर केला. "ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. पाबळला आमच्या बापाचं वावर बटाट्याचं. म्या आन् कुशीनं बटाटं येचून येचून बोटाची सालं काढली. आन् मला मका दाखवतायसा. पयल्याच घासाला कळलं."

विचारलं, मग वर्षभर खाल्लं कशाला? नेम तुझाही होता.

ती प्लेटकडे बघत म्हणाली, "तुमच्या घरी आलं की व्हय, न्हाई, पाणी देऊ का. दहा महिनं आलं असतं तरी तेवढंच. हितं ह्या काड्या खाताना तुमच्या तोंडातनं कुशीचं नाव निघायचं. म्हणून खाल्ल्या. तिला म्या सांगून टाकलंय, वर. ती असती तर तिसरी प्लेट तिनं मागवली असती."

मी बोलणारा माणूस नाही.

सत्यजीत आला, आजचा रिपोर्ट सर? बरं आहे, म्हणालो.

स्टँडवर आक्का म्हणाली, आता यायचं न्हाई जमायचं. नातवाची शाळा, घरचं बघाया पायजे, वरीसबी झालं. बरोबर आहे तिचं. खिडकीतून म्हणाली, "फेटा नीट घडी करून ठेवा."

१५ जानेवारी, बुधवार

आता काहीही खायला हरकत नाही. प्रगतीने सकाळी विचारून बटाट्याची भाजी केली. खाल्ली. चांगली होती. मला तसा बटाटा कधी फार आवडत नव्हताच. कुशा करायची, म्हणून खायचो.

दुपारी १२:३०

शिरूरला जायचं ठरवलं. अंघोळ केली. इस्त्रीचा शर्ट घातला. ढिली केलेली पँट घातली. पायात चप्पल घालताना प्रगतीने विचारलं, आप्पा, कुठे निघालात?

शिरूरला, म्हणालो.

"कशाला?"

बँकेचं काम मार्चमध्येच झालंय. नेम संपलाय. तपासणी संपली. आक्का केडगावला आहे.

बराच वेळ उंबऱ्यात उभा राहिलो. कारण सापडेना.

शर्ट काढून ठेवला.